बापूंनी धरलेला पट्टा

वारंगा फाट्यावर पुण्याची गाडी उभी होती. मी नर्सिंग शिकायला निघाले होते आणि बापूंनी माझ्या बॅगेचा पट्टा हातात धरून ठेवला होता. कंडक्टर बेल मारत होता. माय म्हणाली, "जाऊ द्या तिला." मी बॅग हिसकावली आणि गाडीत चढले. मागे वळून पाहिलं नाही.

विशीत हे मी हॉस्टेलच्या मुलींना तोऱ्यात सांगायची: बापानं अडवलं, तरी आले. माझी मुलगी मीरा झाली आणि तीच गोष्ट सांगताना तोरा उतरू लागला. बापूंचे थरथरणारे हात आठवू लागले. आधी ते कधीच आठवले नव्हते. खरंच थरथरत होते का, कोण जाणे. बापूंना विचारायची हिंमत नव्हती. गावी गेले की आम्ही सोयाबीनवर बोलायचो, पावसावर बोलायचो.

या दिवाळीआधी मीरा म्हणाली, जर्मनीत नोकरी लागली, जाते. माझ्या तोंडून 'जा' निघेना. आमचा अबोला झाला. तशीच मी गावी गेले.

बापू ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी विचारलंच, "बापू, त्या दिवशी मला काहून अडवलं व्हतं?"

त्यांचे हात थांबले. "म्या कुठं अडवलं? पट्टा तुटला व्हता. गाठ मारून राहिलो व्हतो."

चुलीपासून माय ताडकन म्हणाली, "खोटं बोलू नका. पोरीला धाडत न्हाई म्हणून जेवले न्हाई तुमी आदल्या दिवशी."

"तुला काय माहीत?" बापूंचा आवाज चढला. शेंगा तशाच टाकून ते बाहेर निघून गेले. माय भाकरी थापत राहिली, माझ्याकडे बघेना. ज्या हिसक्याच्या जोरावर मी आजवर परगावी उभी राहिले, तो हिसका मी अडवणाऱ्या हाताला दिला होता की गाठ मारणाऱ्या, हेच मला कळेनासं झालं.

बऱ्याच वेळानं बापू परतले. खांबाला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाठच मारत व्हतो, बाई. पण हळू मारत व्हतो."

मी तिथूनच मीराला फोन लावला. 'जा' म्हणाले. आवाज कापला, तो तिला ऐकू गेला असणार. पुढं तिला तो कसा आठवेल, ते माझ्या हातात नाही.

पुण्यात माझा फ्लॅट आहे, सोसायटीच्या पाटीवर नाव आहे. पण त्या दिवसाची आठवण चुकीची आहे, असं मला नि एकमेकांना तोंडावर सांगणारी दोन माणसं अजून गावी, कळमनुरीकडं आहेत. ती आहेत तोवर माझं घर तिकडंच.