कललेली गंजी

ज्वारी निघाली की कडब्याची गंजी लावायची. हे काम दोघांचं. एकानं वर उभं राहून पेंढ्या रचायच्या, बुडखा बाहेर, शेंडा आत. दुसऱ्यानं खालून पेंढ्या फेकायच्या आणि गंजी कुठं कलती ते सांगायचं. वरच्याला ते दिसत नाय. त्याला वाटतं, सगळं सरळ चाललंय.

चाळीस वर्षं वर मी, खाली बायको. ती पदर खोचून बांधावर जायची आणि तिथून ओरडायची, "कलली की वो! डोळे मिटून लावता का?" मी वरून शिव्या द्यायचो. ती म्हणायची, "द्या, पण आधी उजव्या अंगाला दोन पेंढ्या टाका." मी टाकायचो.

दिवाळीच्या आधी ती गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत संपली. त्यावर जास्त काय लिहू.

पोरगा चितेगावला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आबा, गाय इकून टाकू. आता कडबा कोण रचणार?" गाय तिची. आई मेलेलं वासरू होतं, तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलं. मी म्हणालो, "रविवारी तू खाली थांब. गंजी नीट उभी राहिली तर गाय राहील. नाय राहिली तर आण तुझा व्यापारी."

"बरं," म्हणाला.

रविवारी सकाळीच लागलो. पोरगा फेकत होता, मी रचत होतो. सून भाकरी घेऊन आली, मग तीही फेकू लागली. चार थर झाले की मी सवयीनं विचारायचो, "कशी दिसती?" दोघं म्हणायचे, "चांगली."

उन्हं उतरल्यावर मी दोर धरून खाली आलो, बांधावर जाऊन पाणी प्यालो आणि मागं बघितलं. गंजी गोठ्याकडं वाकलेली. एका वाऱ्यात आडवी झाली असती.

"तुम्हाला दिसत नव्हतं?"

पोरगा सांडलेला कडबा गोळा करू लागला. मला वाटलं, गाय इकायचीय म्हणून यानं मुद्दाम सांगितलं नाय. तोंडाला आलं ते बोललो.

सून म्हणाली, "मामा, आम्हाला कवाच दिसलं. पण तुम्ही असे अंगावर येता, सांगायचं कुणी?"

"आईच बोलायची तुम्हाला," पोरगा म्हणाला. "आम्ही कधी बोललो?"

खरं होतं. माझं चुकलं असं मला तोंडावर सांगणारं घरात एकच माणूस होतं.

अर्धी गंजी उतरवली. परत वर चढलो. गुडघे दुखत होते, दुखू दिले. या बारीला सून बांधावर गेली.

"मामा, डावीकडं जराशी..."

"जराशी म्हंजे किती? नीट बोल!"

"लई कलली, मामा! उजवीकडं दोन टाका!"

पोरगा हसला. मी शिवी गिळली आणि दोन पेंढ्या टाकल्या.

दिवस बुडायला गंजी उभी राहिली. पोरगा चारी बाजूंनी फिरला, खांदा लावून ढकलून बघितली. व्यापाऱ्याचं काय बोलला नाय. उरलेली एक पेंढी उचलली, तिचा बंध सोडला आणि गायीपुढं टाकली.