चाळीस जोड चपला आणि दोन व्हायल

दोन्ही व्हायल उघडून झाल्या, लेबलांवर साडेनऊची वेळ लिहून झाली, मी सिरिंजचं वेष्टण फाडलं आणि माझ्या सर्वांत खणखणीत आवाजात पुकारा केला, "नंबर एक!"

कुणी आलं नाही.

समोर लालबागच्या एका चाळीचं अंगण होतं. गणपतीचा मंडप घालतात ती पत्र्याची शेड, शेडखाली आमची दोन टेबलं, आणि टेबलांपासून गेटपर्यंत सरळ, शिस्तीत लागलेली रांग. चाळीस जोड चपलांची.

चपलांत माणूस एकही नव्हता.

मी हॉस्पिटलात ब्रदर आहे. म्हणजे सिस्टर जे करते तेच करतो, फक्त मिशी ठेवून. कोविडच्या लसीकरणात माझी ड्युटी वस्तीतल्या कॅम्पवर लागली होती. लसीच्या बाटलीला आम्ही व्हायल म्हणतो. एका व्हायलमध्ये दहा डोस. एकदा उघडली की चार तास. त्यानंतर उरलेली लस फेकायची, कितीही जीव तुटला तरी. म्हणून नियम असा की आधी माणसं गोळा करा, मग व्हायल उघडा, आणि एक संपल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

नियम मला पाठ होता. पण आदल्या दिवशी आमच्या दादरच्या सेंटरवरच्या ब्रदरने दिवसभरात किती सुया टोचल्या त्याचा आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, खाली इमोजी, तीन टाळ्या आणि एक मोटारसायकल. मला रात्रभर ती मोटारसायकल दिसत होती. मी ठरवलं, आपण दोन खुर्च्यांच्या न्हाव्यासारखं काम करायचं. एक जण बाही वर करतोय तोवर दुसऱ्याला टोचायचं. दोन टेबलं, दोन व्हायल. सकाळी गेटातून शिरताना चपला मोजल्या होत्याच. ऊन होतं, म्हटलं माणसं सावलीला उभी असतील.

"शुभांगीताई, पब्लिक कुठाय?" मी विचारलं. शुभांगीताई आमच्या आरोग्यसेविका. पोर्टलवर नावं चढवायचं काम त्यांचं. शिवाय त्यांचं माहेर याच गल्लीतलं.

"वर. आपापल्या खोलीत."

"मग ह्या चपला?"

"नंबर आहेत ते. काल संध्याकाळीच लावलेत. इथे नळाला हंडे लावतात ना, तसे." मग त्यांची नजर टेबलावर गेली. "ब्रदर, तुम्ही व्हायल उघडलीत?"

"हो."

"दोन?"

दोन्ही बाटल्या उत्तर देत होत्या.

त्या दिवसांत लस म्हणजे सोनं होतं. सेंटरवरून माणसं हात जोडूनही लस न मिळता परत जात होती. आणि मी वीस डोस उघडून चपलांसमोर उभा होतो. तेवढ्यात मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे आमच्या मेडिकल ऑफिसर.

"ब्रदर, सुरू झालं का?"

"झालं मॅडम. व्हायल ओपन."

"गुड. रिस्पॉन्स?"

"रांग गेटपर्यंत आहे मॅडम."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"वेस्टेज झीरो पाहिजे हं. एक डोस जरी फुकट गेला तरी लेखी एक्स्प्लनेशन घेईन." फोन बंद.

मी अंगणाच्या मध्यात जाऊन वर बघितलं. गॅलऱ्यांत डोकी दिसायला लागली होती. पहिल्या मजल्यावरून सुर्वेवहिनी म्हणाल्या, "माझा नंबर दुसरा. तात्या उतरले की मी उतरते."

"वहिनी, तुम्ही आधी या ना. तात्या येतील मागून."

"आणि नंबर मोडू? उद्या नळावर मला उभं राहायचंय हो."

तिसरा नंबर सुर्वेवहिनींकडे बोट दाखवत होता, चौथा तिसऱ्याकडे. चाळीस बिऱ्हाडं एका जोडीवर अडकली होती. रांगेत पहिली, चामड्याची, अंगठ्याला तीनदा शिवलेली. तात्यांची. तात्या जुने गिरणी कामगार, दुसऱ्या मजल्यावर राहणारे. काल सर्वांत आधी नंबर लावणारे तेच, आणि आज दार लावून बसलेलेही तेच.

आता शहाणा माणूस सरळ वर गेला असता. मी खाली वाकलो, तात्यांच्या चपला उचलल्या आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवल्या. म्हटलं, झाला सुर्वेवहिनींचा पहिला नंबर.

तिन्ही मजल्यांवरून एकच आरडाओरडा झाला.

"ए ए ए! चपलेला हात लावला!"

"ठेव परत! आधी ठेव!"

"सरकारी माणूस नंबर फिरवतो काय रे!"

दहा वाजून गेले होते. अख्खी चाळ गॅलरीत होती, डोस देण्याइतक्या जवळ, आणि कुणी खाली यायला तयार नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. पांढऱ्या मास्कवर तात्यांचे दोन डोळे दिसले, आणि मालवणीत आवाज आला, "मेल्या, माझ्यो वहाणो खय नेलंस?"

मी चपला परत उचलल्या आणि दोन्ही हातांत धरून दोन मजले चढलो. बावीस वर्षांच्या नोकरीत पेशंटच्या दारात इतक्या आदबीने कधी गेलो नव्हतो.

दाराबाहेरच्या दोरीवर धुतलेले पाच मास्क ओळीने वाळत होते. तात्यांनी हाताने थांबवलं. "उंबऱ्याबाहेर. तिथूनच बोल."

मी धाप टाकत सुरू झालो. "तात्या, लस सुरक्षित आहे. घ्याच. आणि लस घेतल्यावरसुद्धा मास्क काढायचा नाही..." हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणत असे.

"तुझा नाक भायर हा," तात्या म्हणाले.

होतं. चष्म्यावर वाफ येते म्हणून मी मास्क नाकाखाली ओढला होता.

"वाफ येते म्हणजे वरून हवा सुटते. ती वरची तार नाकावर दाब. अजून. हां." तात्या आता माझ्या सोयीसाठी मुंबईच्या मराठीवर आले. "तीस वर्षं गिरणीत कापसाच्या भुशात काढली मी. तेव्हा कोण देत होता मास्क? धोतराचा तुकडा बांधायचो. नाक उघडं राहिलं की रात्री खोकून खोकून दम निघायचा. आणि तू मला शिकवतोस."

चष्मा स्वच्छ झाला. मला पहिल्यांदा खोली नीट दिसली. खाटेवर काकू होत्या, तात्यांच्या पत्नी. डावी बाजू गेलेली, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या.

तात्यांनी आवाज खाली आणला. "लस मला हवीय. बाजारहाट मी करतो. मी काय घेऊन आलो तर तिचं काय होईल? म्हणून पहिला नंबर लावला. रात्री समोरच्या चाळीतला सांगून गेला, दोन दिवस तापाने उठता येत नाही. आता सांग. सकाळी तिला उचलून खुर्चीत बसवायचं, पुसायचं, भरवायचं. मी आडवा झालो तर कोण करणार?"

माझ्याकडे उत्तर होतं. ताप सगळ्यांना येत नाही, आला तरी गोळीने उतरतो. तेच सांगितलं.

"आणि नाही उतरला तर?"

खाटेवरून काकू सावकाश, शब्द जुळवत म्हणाल्या, "येऊ दे ताप. दोन दिवस... गप्प तरी राहाल."

तात्या हसले नाहीत. साडेदहा झाले होते. माझ्या डोळ्यांसमोर वीस डोस, मॅडमचं एक्स्प्लनेशन आणि ती मोटारसायकल एकदम आली आणि मी बोलून गेलो, "ताप आला तर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मी येतो. पेशंट उचलणं माझं रोजचं काम आहे. मास्क लावून. नाकावर."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून ओरडले, "ऐकलंत काय रे? हा ब्रदर दोन दिवस माझ्या घरचं करणार म्हणतोय! साक्षीला आहात सगळे!"

"आहोत!" तिन्ही मजले.

तात्या खाली आले. मी चपला पहिल्या नंबरावर ठेवल्या, त्यांनी त्यात पाय घातले, तीन पावलं चालून खुर्चीत बसले आणि बाही वर केली. सुई गेली तेव्हा चाळ इतकी शांत होती की सिरिंज डब्यात पडल्याचा आवाज वरपर्यंत गेला असेल.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

आणि मग रांग सुटली! एकेक चप्पल आपापल्या मालकाला भेटत पुढे सरकू लागली. सुर्वेवहिनी, तिसरा, चौथा. दोन खुर्च्यांचा न्हावी अखेर कामाला लागला. अकराला पोर्टल लटकलं. शुभांगीताईंनी लॅपटॉपला एक खास लालबागची शिवी दिली आणि नावं वहीत लिहून घेतली. लोकांना अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, कुणाला काही त्रास होतोय का बघायला. तिथे तात्या सुपरवायझर झाले. "ए, मास्क वर! टोचली म्हणून काय झालं?"

विसावा डोस दिला तेव्हा पाऊण वाजला होता. पंचेचाळीस मिनिटं हातात ठेवून. मी आनंदाने शुभांगीताईंना टाळी द्यायला हात पुढे केला. त्यांनी त्यावर सॅनिटायझर ओतलं. पुढच्या व्हायल मी एकेक करून, माणसं मोजून उघडल्या. मॅडमना फोन केला, "वेस्टेज झीरो."

"व्हेरी गुड. काही प्रॉब्लेम?"

"नाही मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ड्युटीच्या आधी, मी तात्यांच्या दारात. ते इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले होते.

"ताप?"

"नाही."

"अंग दुखतंय?"

"नाही."

"मग निघतो मी."

"निघतोस कुठे? चाळ साक्षीला आहे." त्यांनी पेपर उघडला. "तीन वर्षांत सुट्टी घेतली नव्हती. दोन दिवस घेतलीय."

करार फक्त तापाचा होता, हे मी म्हणून बघितलं. खालच्या मजल्यावरून सुर्वेवहिनींनी नुसतं "ब्रदर..." म्हटलं. मी आत गेलो, काकूंना उचलून खुर्चीत बसवलं, पुसलं, पेज भरवली. काकू हसत होत्या. बाहेर तात्या मास्क नाकावर ठेवून, पेपर मोठ्याने वाचत होते. बायकोला ऐकू जावा म्हणून. संध्याकाळी परत. त्याच्या पुढच्या दिवशीही.

चौऱ्याऐंशी दिवसांनी त्याच शेडखाली दुसऱ्या डोसचा कॅम्प लागला. तोवर अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन लस द्यायला परवानगी मिळाली होती. मी गेटातून शिरलो, शहाणा होऊन. चपला मोजायच्या नाहीत, असं घोकत.

तरी नजर गेली. तात्यांची शिवलेली जोडी या वेळी दुसरी होती. पहिल्या नंबरावर बायकी चपला होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, धूळ पुसून ठेवलेल्या.

वर गॅलरीत तात्या उभे होते. सुर्वेवहिनी म्हणाल्या, "आम्ही थांबतो. पहिला नंबर त्यांचा आहे."

मी मॅडमना फोन करून परवानगी घेतली; काकूंना लस चालेल अशी डॉक्टरांची चिठ्ठी तात्यांनी आधीच आणून ठेवली होती. मग लस थंड ठेवणारा कॅरियर खांद्याला लावला, मास्कची तार नाकावर दाबली आणि जिना चढलो.

व्हायल उघडण्याआधी माणसं मोजावीत, हा नियम मी आता काटेकोर पाळतो. त्या दिवशीही पाळला. आधी रांगेतली माणसं मोजली, मग काकूंच्या खाटेशी व्हायल उघडली. नंबर मात्र चपलेवरूनच पुकारला.