फटीवरची लांबी

एका दाराच्या फटीत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरून मी माझी चूक लपवली आणि ती उघडी पडल्यावर दोष मिस्त्रींच्या माथी मारला, हे मी चार वर्षे कुणालाही सांगितले नाही. मिस्त्रींविषयी लिहायचे तर आरंभ इथूनच करायला हवा. नाहीतर हा कागद ते "वरनं रंग मारलाय" म्हणून बाजूला सारतील.

तुच्छता हा मिस्त्रींचा स्वभावच होता. ते शिवाजी पेठेत राहत आणि शहराबाहेरच्या आमच्या कारखान्यात ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचे नमुने, करत. उजव्या अंगठ्याचे नख त्यांनी मुद्दाम वाढवले होते. कुणीही काम दाखवले की ते नख जोडावरून सावकाश फिरे आणि कुठेतरी अडके. मग समोर पदवीधर असो की गिऱ्हाईक, एकच प्रश्न ठरलेला, "पावणं, हितं पायरी हाय. चढून जाऊ काय?"

एका नव्या लढाऊ विमानाचा पहिला नमुना तयार होत होता. तो उडण्याआधी त्याची पूर्ण मापाची प्रतिकृती रडारसमोर ठेवून तपासायची होती आणि तिच्या पोटाचा भाग बनवायचे काम आमच्याकडे आले होते. मालकांनी दारावर 'अदृश्य विमान' असा फलक लावला. त्याखाली उभे राहून आम्ही सर्वांनी फोटो काढून घेतले. आपण काय बनवतो आहोत याची आमच्यापैकी बहुतेकांना कल्पना नव्हती. मिस्त्रींनी फलक वाचला. "मला तर दिसतंय की," ते म्हणाले. "चष्म्याबिगर."

फोटोत ते नव्हते. त्या वेळी ते आलेल्या अभियंत्याला कोपऱ्यात घेऊन नकाशा समजून घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आम्हालाच समजावला. "रडार हाक मारतंय. ह्यानं ओ द्यायची न्हाय, एवढंच. भितीवर बॉल तिरका हाणला तर तुमच्याकडं परत येतोय काय? म्हणून अंग समदं तिरकं. बॉम्ब पंखाखाली टांगायचं न्हाईत, पोटात ठेवायचं. आन् पोटाच्या दाराच्या कडंला करवतीगत दातं, ती बी पंखाच्या कडंला समांतर. फटीत केसाएवढी पायरी राहिली, की हेनं ओ दिली." मग मी ज्यावर आराखडे काढत असे त्या संगणकाकडे पाहून म्हणाले, "साहेबांच्या पडद्यावर समदंच जुळतंय."

त्या दाराचा एक दात चुकला तो माझ्यामुळे. यंत्राला माप मी चुकीचे दिले होते. मिस्त्रींचे नख तिथे अडकले. "दार नव्यानं करा," ते म्हणाले. पाहणीला दोन दिवस उरले होते. आमच्या धंद्यात पॅटर्नची फट लांबीने बुजवून, घासून, वर रंग देणे हे रोजचे काम. वाळूत दाबायच्या लाकडाला ते चालून जाते. हे विमान आहे एवढाही विचार मी केला नाही. मिस्त्रींच्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतः लांबी भरली, रंग दिला आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

प्रवासात उन्हाने लांबी तडकली. चाचणीत नेमकी तीच फट रडारवर उजळली. चौकशीचे अधिकारी आले तेव्हा शेडमध्ये वीसएक माणसे होती. माझा आवाज मृदू आहे आणि लोक त्याला सज्जनपणा समजतात. त्याच आवाजात मी म्हणालो, "मिस्त्रींची जुनी सवय. त्यांनीच लांबी भरली."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "साहेब, खोटं बी किती गुळगुळीत बोलता. नख कुठं अडकत न्हाय." मग हत्यारांची पेटी उचलून ते निघून गेले.

पुढे त्यांना बारीक काम कुणी दिले नाही. इतर पॅटर्नवाले त्यांना 'लांबीवाला मिस्त्री' म्हणू लागले. ज्या माणसाने जन्मभर लांबीला नाक मुरडले, तो स्टुलांचे पाय आणि दारांच्या बिजागऱ्या दुरुस्त करत बसला. मला मात्र बढती मिळाली. ती मी स्वीकारली, पेढेही वाटले. त्या माणसाविषयी, म्हणजे माझ्याविषयी, याहून अधिक काही लिहावेसे वाटत नाही.

यंदा मी त्यांच्या घरी गेलो. ते घराच्या पुढच्या सोप्यात रंधा मारत होते. मी खाली मान घालून सगळे कबूल केले. रंधा थांबला नाही.

"एवढं हळू? घरात कोण निजलंय व्हय?"

"मिस्त्री, मला खरंच—"

"खोटं शेडमध्ये बोललासा. आन् खरं माज्या सोप्यात?" त्यांनी आत हाक दिली, "अगं, साहेबांस्नी च्या आण." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "च्या हितं घ्या. माफी तिकडं मागा."

सोमवारी मी त्यांना गाडीत बसवून कारखान्यात नेले. ते शेडच्या दारातच थांबले, आत आले नाहीत. मी यंत्रे बंद करायला सांगितली. माणसे हात पुसत गोळा झाली. मालकही आले. मी बोलायला सुरुवात केली, तोच दारातून आवाज आला, "मागं ऐकू येईना."

मी पुन्हा सुरुवात केली. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"त्या दाराचं माप मी चुकवलं. लांबी मी भरली. मिस्त्रींनी दार नव्यानं करायला सांगितलं होतं, मी केलं नाही. तुम्हा सगळ्यांसमोर मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. मिस्त्री, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा."