खालच्या माणसाचा नंबर

तळोज्याच्या एका कंपनीचा कबड्डीचा संघ होता, त्याचा मी गुणलेखक. पोटापाण्याचा उद्योग शाळेत गणित शिकवण्याचा. पण अक्षर चांगलं आणि डोकं थंड, म्हणून कुणीतरी मला टेबलाशी बसवलं आणि मी वीसेक वर्षं तिथून उठलो नाही. आता दोन्हींतून निवृत्त आहे. तरी पनवेलच्या आसपासचा एखादा जुना खेळाडू गेला की घरच्यांचा फोन मला येतो. शोकसभेत त्याची कारकीर्द वाचून दाखवायची असते, आणि ती लिहिलेली फक्त माझ्या वह्यांत असते. हे काम मला आवडतं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं आहे. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गुळमुळीत बोलत असतात, मग मी उठतो आणि आकडे वाचतो. लोक गप्प बसून ऐकतात.

गेल्या वर्षभरात आमच्या संघाच्या डाव्या बाजूचे दोघंही गेले. नावं लिहीत नाही, दोघांच्या घरची माणसं आहेत. मैदानात ते एकमेकांचा हात धरून उभे राहायचे. समोरच्या संघाचा गडी चढाईला आत आला की कोपऱ्यातला त्याच्या घोट्यावर झेप घ्यायचा, आणि शेजारचा वरून येऊन कंबर आवळायचा. म्हणून इथे एकाला खालचा म्हणतो आणि दुसऱ्याला वरचा. दोघंही खेळण्याचाच पगार घ्यायचे, पण कंत्राटावर. कायम कुणाला करायचं ते कंपनी मोसमाच्या शेवटी ठरवायची, आणि ठरवताना माझी गुणपत्रकं मागवायची.

वरचा कायम झाला. राज्याच्या संघातही गेला. खालच्याचं कंत्राट काही वर्षं वाढत राहिलं, मग गुडघे गेले तसं तेही थांबलं. त्याने रिक्षा घेतली. सुकापूरला राहायचा तो, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. कितीदा तरी मी त्याच्या रिक्षात बसलो असेन. "सर, बरं हाय ना?" एवढंच विचारायचा आणि रस्त्याकडे बघत चालवायचा. मीही पेपर उघडायचो.

वरचा गणपतीच्या आधी गेला. त्याच्या शोकसभेत मी मोसमागणिक पकडी वाचल्या, उत्कृष्ट पकडीची बक्षिसं वाचली. यादी लांबलचक होती आणि मी ती सावकाश, रुबाबात वाचली. खालचा मागच्या रांगेत एक पाय लांब करून बसला होता, शेजारी बायको. सभा संपल्यावर म्हणाला, "चांगलं वाचलंत सर. चला, सोडतो घरी." वाटेत त्या दिवशीही काही बोलला नाही.

मार्गशीर्षात तोही गेला. झोपेतच गेला म्हणाले. चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला.

"सर, त्यांच्या दोस्ताचं वाचलं तसं यांचं पन वाचाल ना? आमी लग्नानंतर एक मॅच नाय बघितली. घरात तर ते काय बोलायचेच नाय. यांनी काय केलं ते मला एकदा ऐकायचं हाय."

मी अगदी सहज हो म्हणालो.

दुपारी वह्या काढल्या. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पकडी. दुसऱ्यात त्याहून कमी. एक अख्खा मोसम तर कोराच. मी पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मग वही मिटली. वहीत काय झालंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पकडीचा गुण ज्याने पकड केली त्याच्या नावापुढे लिहायचा. पण चार-पाच जण एकावर एक पडलेले असताना पकड कुणाची, हे टेबलावरून ठरवायचं कसं? सगळे खेळाडू आजूबाजूच्या गावांतले, ओळखीचे, एकदोघं तर माझेच विद्यार्थी. 'मास्तर आपल्या माणसाच्या नावावर गुण लावतो' असं कुणी म्हणू नये म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ओळखीवर लिहायचं नाही. पाठीवरचा नंबर दिसेल तोच लिहायचा. त्या ढिगात नंबर दिसायचा वरच्याचा. खालचा पालथा पडलेला असायचा, घोटा दोन्ही हातांत धरून, आणि त्याच्या पाठीवर तिघं. तो कोण आहे हे मला पुरतं ठाऊक असायचं. तरी मी वरच्याचा नंबर लिहायचो आणि आपण किती निःपक्षपाती आहोत म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचो.

एकदा पंच म्हणालेही होते, शिट्टी झाल्यावर एक हाक मारून विचारत जा. मी म्हटलं, टेबलाने मैदानाला विचारायचं नसतं. कुठून आणलं होतं हे वाक्य, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी कोन गावाला गेलो. तिथे एका विरुद्ध संघाचा जुना चढाईपटू राहतो. त्याचं आता ट्रकच्या टायरचं दुकान आहे. त्याला विचारलं, आमच्या डाव्या बाजूला तुला पकडायचं कोण?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, तुमी विचारताव? खालचा. वरच्याला आमी बघायचोच नाय. त्याचे हात कुठं हायत तेवढंच बघायचं. घोटा एकदा त्याच्या हातात गेला की खेळ संपला. वरचा मग येऊन बसायचा."

"हे तेव्हा कुणी बोललं का नाही?"

"सगल्यांना म्हाईत होतं," तो म्हणाला. "आमाला वाटलं तुमी लिवताव."

रविवारी सुकापूरच्या समाजमंदिरात सभा होती. वरच्याची बायको आणि थोरला भाऊही आले होते. आकडे गाळून चार चांगले शब्द बोलावेत आणि खाली बसावं, असं पायरी चढेपर्यंत मनात होतं. कुणाला कळलंही नसतं. वही बरोबर आणली होती, पण ती पिशवीतच ठेवता आली असती. मग पहिल्या रांगेत खालच्याची बायको दिसली. पांढऱ्या साडीत, हात मांडीवर ठेवून, शाळेतली मुलगी निकाल ऐकायला बसते तशी बसली होती.

मी वही काढली आणि जे लिहिलं होतं ते वाचलं, मोसमागणिक. वाचायला मिनिटही लागलं नाही. सभेत चुळबुळ झाली. मग मी सांगितलं की हे आकडे खोटे आहेत आणि ते मी लिहिले आहेत. नियम सांगितला, ढीग सांगितला, कोनच्या गड्याचं बोलणं सांगितलं. गेल्या सभेत वाचलेल्या यादीतल्या कितीतरी पकडी या माणसाच्या होत्या, किती ते आता कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. वरच्याचा भाऊ मध्येच उठून बाहेर गेला. वरच्याची बायको बसून राहिली, पदर तोंडाला लावून. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. एवढं धैर्याचं काम केलं, असं.

सभा उठल्यावर मी खालच्याच्या बायकोपाशी गेलो. म्हटलं, "वहिनी, चूक माझी. मला माफ करा."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"ते खाली असायचे हे तुमाला तेव्हापासून म्हाईत होतं?"

"हो."

"मग मला कशाला सांगताव सर? रोज त्यांच्याच रिक्षात तर बसायचाव."

मागे लोक नमस्कार करायला उभे होते, ती त्यांच्याकडे वळली.