मूठ, कड, तळवा

बाबा गेले, तरी मला ते आठवतात ते रविवारचेच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मेंदू आणि मनाच्या आजारांचं पदव्युत्तर शिक्षण नाशिकमध्येच घेत होते. तपासणीचा सराव हवा म्हणून रविवारी बाबांनाच पेशंट करायचे. मळ्यातले गुलाब बाजारात पोचवून ते ओट्यावर बसायचे आणि गुडघ्यावर हातोडी पडायच्या आधीच मुद्दाम पाय उडवायचे.

"काय डाक्टरीणबाई, नापास का?"

आतून आई ओरडायची, "अहो, पोरीला अभ्यास करू द्या!"

एका रविवारी मी त्यांना मांडीवर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा ठेवायला सांगितलं. एरवी ते हे सहज करायचे. त्या दिवशी मूठ झाली आणि पुन्हा मूठच. मला चेष्टा वाटली.

"बाबा, नीट करा ना."

ते हाताकडे बघत राहिले. हसले नाहीत. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की हात असा एकाच खुणेवर अडकतो, हे मला पाठ होतं.

पुढच्या तपासण्या आमच्या सरांनी केल्या. मी सराव मैत्रिणींवर करू लागले. बाबा मात्र रविवारी ओट्यावर येऊन बसायचेच.

"आज परीक्षा नाय का?"

"तुम्ही पास झालात, बाबा," मी म्हणायचे आणि त्यांच्याशेजारी बसायचे.