सायकलीला बांधलेली बाभळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागलो की मधेच कुणी हसलेलं मला खपत नाही. गाढवपणा माझा आहे, तेव्हा त्याला हसायचा पहिला मानही माझाच.

परवा शहरातली दोन पोरं दारात आली. गिअरच्या सायकली, डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले कपडे. म्हणतात, "आजोबा, रामलिंगाच्या जंगलातून घाटाखाली उतरायला मुरमाची वाट कुठून आहे?" मी सांगितली. तर त्यातला एक म्हणतो, "पण तिथून सायकल जाते का?"

आता काय बोलावं या लेकराला? अरे, त्या वाटेनं मी मोंगलाईत सायकल नेली आहे. तीही बाभळीसकट.

तर ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या सालातली गोष्ट. आमच्याकडं निजामाचं राज्य, त्यालाच आम्ही मोंगलाई म्हणायचो. आमचा धंदा बैलगाडीचा. मामा आणि मी येडशीचा माल बार्शीला न्यायचो, बार्शीचा इकडं आणायचो. बार्शीतल्या एका वकिलाचं घरसामान हलवलं, तेव्हा त्यानं खुश होऊन आपली जुनी सायकल मला देऊन टाकली. ब्रेकचं रबर पार झिजलेलं. पण काय चीज होती! वैरण नको, पाणी नको, रात्री दावणीला बांधायला नको. मी तिला रोज पुसायचो. बैलांनासुद्धा इतकं कधी पुसलं नव्हतं.

माझं लगीन काही जमत नव्हतं. तोंड फटकळ, दुसरं काय. शेवटी मामांनी घाटाखालच्या एका गावात स्थळ काढलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून हसतात. मुलीचा बाप सखाराम आबा. मामांनी मला आदल्या दिवशीच बजावलं, "हे मोडलं तर पुन्यांदा मी कुणाच्या दारात जाणार न्हाय. मुकाट गाडीत बस, तिथं तोंड उघडू नगंस."

मी म्हटलं, "मी सायकलीवर येतो."

"का?"

"सायकल बघितल्यावर ते नाही म्हणणार नाहीत."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मुतखडा झालेल्या बैलाकडं बघावं. "मग घाटात उतरून चाल. हातात धरून आण तिला," एवढं बोलून ते गाडीवाटेनं लांबचा वळसा घेऊन निघाले. मी बार्शीच्या बाजारात घेतलेला पलटणीतला जुना खाकी कोट चढवला आणि जंगलाच्या वाटेनं सायकल हाणली.

ती वाट काय सांगू तुम्हाला. तांबडा मुरूम, पायाखाली करकर वाजणारा. दोन्ही अंगाला साग आणि धावडा, मधेमधे पळस असा फुललेला की डोंगराला कुणी कुंकू लावलंय. वळणावर मोर आडवा आला. त्यानं सायकलीकडं बघितलं, मान वाकडी केली आणि पिसारा सावरत बाजूला झाला. तहसीलदाराला कधी मोरानं वाट दिलेली मी ऐकली नाही. मी आपला छाती काढून चाललो होतो.

मग उतरण लागली.

ब्रेक दाबला, तर सायकल उलट जास्तच पळायला लागली. पाय घासत, चप्पल फाडत कसाबसा एका दगडाला टेकलो आणि थांबलो. खाली घाट बघितला, तर पुढची उतरण याहून उभी. चालत उतरायचं? मामा खाली हसणार. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

आम्ही गाडीवाले घाट उतरताना काय करतो? गाडीच्या मागं लाकडाचा ओंडका बांधतो. तो फरफटत येतो, गाडीला ओढून धरतो, बैलांच्या मानेवर भार येत नाही. आमचे आजे-पणजे असेच उतरले. मग सायकल काय आभाळातून पडली होती? तीही गाडीच.

ओंडका मिळाला नाही. तोडलेली बाभळ पडली होती, चांगली माणसाएवढी. डोक्याच्या पटक्याचा सोगा सोडून त्यानं ती मागं करकचून बांधली आणि निघालो.

खोटं सांगत नाही, सायकल अशी डुलत उतरली की पालखीनं शिकावं. फक्त एक झालं. फाल्गुनातला वाळलेला मुरूम आणि त्यावरून फरफटणारी बाभळ. मागं जी धूळ उठली, ती डोंगराएवढी. मला ती दिसत नव्हती, कारण मी पुढं बघत होतो. खालच्या गावाला मात्र तीच दिसत होती.

त्या दिवसांत सरकारची लेव्ही चालू होती. साहेब यायचे, घराघरातली ज्वारी बघायचे आणि सरकारचा वाटा उचलून न्यायचे. घाटातून धुळीचा लोट उतरताना बघून गावानं काय ओळखायचं ते ओळखलं. बायका पोती घेऊन पळाल्या. कुणी ज्वारी कडब्याच्या गंजीत घातली, कुणी म्हाताऱ्याला पोत्यावर निजवून वर वाकळ टाकली. आणि त्या धुळीतून खाकी कोटातला, सायकलीवर बसलेला मी बाहेर आलो.

वेशीत सगळं गाव हात जोडून उभं. मला वाटलं, काय माणसं आहेत! नवरदेवाचा एवढा मान? एकानं सायकल धरली. एक म्हातारा बाभळीकडं बघून दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हे काय असंल गा?"

"सरकारी असंल. मोजायचं काहीतरी. हात लावू नगंस."

मी विचारलं, "सखाराम आबांचं घर कुठलं?"

गर्दीतला एक माणूस पांढराफटक पडला. तेच आबा.

त्यांनी मला घरी नेलं. अंगणात बाज टाकली, पाय धुवायला गरम पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे दिले, दुधाचा पेला दिला. मी सगळं हाणलं. मग आबा समोर उकिडवे बसले आणि रडव्या आवाजात म्हणाले, "साहेब, घरात दाणा न्हाय. पेव रिकामं हाय."

साहेब?

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? म्हणाला असता, मी साहेब नव्हं, मी तुमचा होणारा जावई. पण आयुष्यात मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते कानाला गोड लागलं. म्हटलं, दूध संपेपर्यंत राहू साहेब.

आबा पुढं म्हणाले, "वरनं लेकीचं लगीन काढलंय, साहेब. आजच बघायला येणार हायत."

इथं मी खरी माती खाल्ली. मिशीवर हात फिरवून विचारलं, "असं का? मुलगा कसा आहे?"

वाटलं, दोन शब्द चांगले ऐकू.

"कसला मुलगा, साहेब," आबा म्हणाले. "गाडीवान्याचं पोरगं. बैलासारखं राबतंय म्हणतात. अक्कलबी तेवढीच. तोंड तर असं हाय की कुत्रं भुंकायचं थांबून ऐकतंय. पण आमा गरिबाला दुसरं कोण मिळणार? तुमी लेव्ही माफ केली, तर चांगलं स्थळ बघीन."

दूध माझ्या घशातच राहिलं. आता खरं सांगितलं तर त्यांची लाज जाणार, नाही सांगितलं तर माझं लगीन. मी नुसता खोकत बसलो.

तेवढ्यात दाराआडून पोरीचा आवाज आला. "आबा, लेव्हीचा साहेब घाटात सायकलीला बाभळ बांधतुया व्हय?"

"गप, गोदे."

"गप काय? घाट उतरताना मागं लाकूड बांधायची खोड गाडीवान्याची. तुमी ज्याला बैल म्हणालाव, त्योच हा. त्याच्याच पुढ्यात रडतायसा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी बाजेखालच्या शेणाच्या सारवणाकडं बघितलं. खरं सांगतो, माझी लाज जात होती आणि तरी मनात येत होतं, काय पोरगी आहे! सगळ्या गावानं डोळे फाडून बघितलं, पण दिसलं हिला एकटीला.

कुडाबाहेर उभ्या माणसांनी ते ऐकलं आणि घटकेत गावभर झालं. मग मामांची गाडी वेशीत आली. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं, कारण अख्खं गाव गंजीतून ज्वारी उपसत मला शिव्या घालत होतं. मामा अंगणात येऊन म्हणाले, "आबा, पोराच्या तोंडात काय मारायचं ते मारा. स्थळाचं तेवढं सांगा, म्हंजी मी बैल सोडायचे का न्हाय ते ठरवतो."

आबा डोकं खाजवत म्हणाले, "तोंडावर एवढं बोलल्यावर आता मी कुठल्या तोंडानं नगं म्हणू? पोरीलाच इचारा."

आत कुजबुज झाली. गोदेची आई दारात आली. पदर सावरून म्हणाली, "ती म्हणती, माणूस चालंल. सायकल नगं."

मामांनी बैल सोडले. सुपारी तिथंच फुटली.

संध्याकाळच्या आत निघायचं म्हणून मी सायकलीकडं गेलो, तर मागचं चाक पार बसलेलं. बाभळीच्या काट्यांनी आपलं काम चोख केलं होतं. शेवटी सायकल मामांच्या गाडीत घातली आणि मीही चढून बसलो. लांबच्या वळशानं रात्र झाली असती, म्हणून गाडी रिकामी आहे तर चढेल म्हणत मामांनी तोच जवळचा घाट धरला. अर्ध्यात बैल धापा टाकायला लागले. मामा मागं वळून म्हणाले, "उतर खाली."

मी उतरलो आणि सायकल काढायला हात घातला.

"तिला कशाला उतरवतोस? ती जखमी हाय. तू मागनं खांदा लाव."

खाली माळवदांवर सगळं गाव उभं राहून बघत होतं. त्यात गोदाही असणारच. लगीन ठरलेला नवरदेव गाडी ढकलत घाट चढत होता, आणि मामांच्या शेजारी, कडब्याच्या गादीवर, सायकल बसली होती.