हवालदारांचा ओटीपी

“आक्का, ओटीपी आला का?”

डिसेंबरची तीस तारीख, सकाळचे अकरा. फोनवर हवालदार होते. मागून एक बाई हळू आवाजात सांगत होती, “सहा आकडी असेल म्हणावं.” आवाज माझ्या ओळखीचा होता.

“कसला ओटीपी?” मी विचारलं. माहीत असून विचारलं.

“ते इन्कम टॅक्सचं. तुमच्या मोबाईलवर येतोय म्हनं.”

“तुम्ही कुठं आहात?”

त्यांनी आवाज बारीक केला. मग म्हणाले, “हितंच. तुमच्या समोर.”

समोर म्हणजे रस्त्यापलीकडं, सी.ए. ऋता मॅडमच्या ऑफिसात. तेवढ्यात कानाशी फोन थरथरला. बघितलं तर सहा आकडे आलेले. मी म्हणाले, “नाही हो आला. रेंज नाही इथं.” आणि फोन ठेवला.

सांगलीच्या विश्रामबागेत, भर चौकात, रेंज नाही म्हणून सांगितलं मी.

आधी माझा नंबर मधे कसा आला ते सांगते. मी सी.ए. नाही. एका कर सल्लागार वकिलांकडं टायपिंगला लागले आणि त्यांच्या फायली टाइप करता करता शिकले. वकीलसाहेब गेले, त्यांची काही गिऱ्हाईकं माझ्याकडं राहिली, त्यांची बघून आणखी आली. रिटर्न भरायचं म्हणजे काय, तर वर्षभरात किती कमावलं आणि त्यावर किती कर कापला गेला हे सरकारला कळवायचं. जास्त कापला असेल तर परत मिळतो, तो रिफंड. हे सगळं आता पोर्टलवर होतं. तिथं प्रत्येकाचं खातं असतं आणि त्या खात्याला एक मोबाईल नंबर जोडलेला असतो.

माझी निम्मी गिऱ्हाईकं विट्याकडची, सोनं गाळायच्या धंद्यातली. आज कोइमतूरला, पुढच्या साली रायपूरला. जाईल तिथं नवं सिम. गावच्या जत्रेला आली की तेवढी हाताला लागायची. मग मी काय केलं, पोर्टल आलं तसा सगळ्यांच्या खात्याला माझाच नंबर टाकून दिला. विट्याच्यांच्या टाकला तसा बाकीच्यांच्याही टाकला. हे बरोबर नव्हतं, पण सोयीचं होतं. आणि त्यातून झालं असं की माझ्या गिऱ्हाईकाला दुसऱ्या कुणाकडं जायचं असेल, तर आधी माझ्या मोबाईलवर आकडे येणार. पासवर्ड माझ्या वहीत आणि ओटीपी माझ्या हातात. आधारवरून दुसरी वाट होती, पण हवालदारांच्या आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलं होतं.

आता ऋताबद्दल. खोटं कशाला बोलू, मला ती बघवत नव्हती. वय पस्तीसच्या आत. सी.ए. झालेली. नागपूरकडची पोर, लग्न होऊन सांगलीत आलेली. काचेचं दार, आत गारेगार, बसायला मऊ खुर्च्या. माझ्याकडं दोन खुर्च्या, त्यातली एक हलणारी. तिच्या दाराबाहेर चपला काढायची पद्धत होती आणि माझ्या गॅलरीतून त्या चपला सरळ दिसायच्या. तिथं कोण चौकशीला गेलंय ते मी चपलांवरून ओळखायला लागले. ही तुटक्या पट्ट्याची म्हणजे पलूसचे मास्तर. हा पांढरा बूट म्हणजे विट्याच्या दोघा भावांतला धाकटा. चहा गार व्हायचा, मी गॅलरीत. आमचे हे एकदा म्हणाले, “अगं, एखादी दुर्बीण आणून देऊ का?” दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.

आणि लोक कौतुक काय करायचे, तर म्हणे मॅडम रिफंड काढून देतात. आता रिफंड काय विहिरीतलं पाणी आहे काढायला? काही जण न भरलेलं घरभाडं दाखवतात, न दिलेल्या देणग्या दाखवतात आणि रिफंड काढतात. पुढं नोटीस येते, तेव्हा काढून देणारा फोन उचलत नाही. माझ्या मनानं पक्कं धरलं होतं की ही त्यातलीच. पुरावा काहीच नव्हता. पण मला तसं वाटणं बरं वाटत होतं.

तर हवालदार. माझं माहेर कुंडल, आणि हवालदार शेजारच्याच गावचे. फौजेच्या तोफखान्यातून आलेले, नंतर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सुपरवायझर. पेन्शनही आणि पगारही, म्हणून कर बसायचा. वीस वर्षं माझ्याकडं. आणि वीस वर्षांत एकदाही वेळेवर सगळे कागद आणले असतील तर शपथ. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एसटीनं यायचे, औषधाच्या दुकानातली कॅरीबॅग घेऊन. त्यात बँकेचा फॉर्म सोळा, म्हणजे पेन्शन किती आणि कर किती कापला त्याचा दाखला. कारखान्याचा फॉर्म सोळा मागाहून. एफडीच्या व्याजाचं तर मीच खोदून काढायचं. मग आकडा ऐकला की टेबलावर हात आपटायचे.

“येवढा टॅक्स? देशाची सेवा आमी करायची आन वर पैसंबी आमीच द्यायचं?”

“कायदा मी केला नाही, हवालदार.”

“मग बघा की कुटं काय सूट हाय का.”

“पेन्शनची ऑर्डर आणा, बघते. पीपीओ म्हणतात ती.”

“ट्रंकंत हाय घरी. बघू पुढल्या साली.”

हे पुढलं साल कधी आलंच नाही. फी मात्र वेळेवर, आणि वर शेंगांची पिशवी. म्हणून मी चिडायची आणि सोडून द्यायची. त्यांच्या थोरलीचं स्थळसुद्धा मीच सुचवलेलं. चार तालुक्यांत कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाच्या मुलाला कुठं नोकरी लागली, सगळं मला माहीत. बोलायची सवय आहे मला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी अर्धा तास गावाच्या गप्पा, मग कागद.

असा माणूस समोरच्या काचेच्या दाराआड जाऊन बसलेला, आणि ओटीपी मला मागतोय.

अर्ध्या तासानं परत फोन. “आक्का, आता आला आसंल.” आला होता. मी म्हणाले, “नाही.” तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मोबाईल पालथा घालून ठेवला. ओटीपी जरा वेळानं बाद होतो. मला वाटलं, होऊ दे बाद. त्यांचं रिटर्न मी जुलैमधेच भरलं होतं. त्यात दुरुस्ती करायची तर मुदत डिसेंबरच्या एकतीसपर्यंत. म्हणजे उद्याचा एक दिवस. शेवटच्या दिवशी पोर्टल बैलगाडीसारखं चालतं. आज दिवसभर रेंज नसली माझी, तर ते रिटर्न राहिलंच. आणि मग माझं भरलेलं तेच बरोबर. असा सगळा हिशोब मी मनात केला.

दुपारी दोनला दारात ऋता. एकटी आणि रिकाम्या हातानं आली होती.

“काकू, पाच मिनिटं बसू?”

बसली नेमकी हलणाऱ्या खुर्चीवर. मी काही दुसरी पुढं केली नाही.

“हवालदारसाहेबांचं रिटर्न रिवाइज करायचंय,” ती म्हणाली. “तुमच्याकडं नंबर आहे. उद्या शेवटचा दिवस.”

“काय लावताय त्यात? घरभाडं? का देणगी?”

“तसलं काही मी लावत नाही, काकू.”

“मग माझ्या रिटर्नात चूक काय निघाली ते सांगा. वीस वर्षं मी करतेय.”

ती खाली बघून म्हणाली, “ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तुम्हाला सांगायचं नाही असं सांगितलंय.”

हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. चूक निघाली असती तर एक वेळ चाललं असतं. पण माझ्याच माणसाची अशी एक गोष्ट, जी चार दिवसांच्या ओळखीच्या हिला माहीत आणि मला नाही? मी म्हणाले, “मग त्यांनाच पाठवा. त्यांनी माझ्या तोंडावर सांगितल्याशिवाय आकडा मिळणार नाही.”

“काकू, आकडा त्यांचा आहे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. उठली आणि गेली. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

दहा मिनिटांत हवालदार जिना चढून आले. दार लोटून घेतलं. बसले नाहीत.

“आक्का, लय तानू नका. द्या तो नंबर.”

“माझं काय चुकलं ते सांगा आधी.”

“तुमचं काय न्हाई चुकलं.”

“मग तिला काय सांगितलंत, जे मला नाही सांगता येत?”

खिशातून घडी घालून घालून पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढं टाकला. पेन्शनची ऑर्डर. ट्रंकेतली. मी चष्मा लावला. ते खिडकीकडं तोंड करून सांगायला लागले.

“मी पुरी नोकरी करून न्हाई आलो. डोंगरात गाडी पलटली आमची. डोस्क्याला मार लागला. मंग दोनदा फिट आली. मेडिकल बोर्डानं घरी धाडलं. गावात म्या सांगितलं, रिटायर झालो.”

आमच्याकडच्या घराघरातला माणूस फौजेत आहे. तिथं बोर्डानं घरी पाठवलेला माणूस म्हणजे अर्धा आलेला, असं बघतात. आणि फिट म्हटल्यावर तर बघायलाच नको.

“मार लागून झालेलं दुखनं,” ते म्हणाले. “रक्तातलं न्हाई. डाक्तरनं लिवून दिलंय तसं. आन गोळ्या चालू हायत, कैक वर्सांत काय झालं न्हाई. पर दोन पोरी हुत्या घरात. लोकांस्नी कोन समजावत बसनार?”

“अहो, पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी?”

तेव्हा माझ्याकडं वळले. “आक्का, रागावू नका. तुमी लय बोलता. आन तुमास्नी समदी ओळखत्यात. तुमाला सांगितलं आसतं, तर आठ दिसांत कुंडलच्या बाजारात गेलं आसतं. त्या म्याडमचं हितं कोन न्हाई. म्हनून दावला कागद. आता धाकटीचंबी लगीन झालं, तवा आलो.”

हे ऐकून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग यायला पाहिजे होता, पण त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

आता धंद्यातली गोष्ट. फौजेतून आजारपणामुळं किंवा इजेमुळं मेडिकल बोर्डानं घरी पाठवलेल्या माणसाची अपंगत्वाची पेन्शन करमुक्त असते. बँकेच्या दाखल्यावर ती वेगळी दिसत नाही, एकच आकडा येतो आणि बँक त्यावर कर कापून मोकळी होते. नियम मला ठाऊक होता. दुसऱ्या एका जवानाला मी तो लावूनही दिला होता. कागद दाखवला असता तर पहिल्याच वर्षी दोन मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी वीस वर्षं या माणसानं नको तो कर भरला, टेबलावर हात आपटत भरला, आणि सूट आहे का म्हणून विचारतही राहिला. मीही कधी खुर्चीला खिळवून विचारलं नाही, की हवालदार, तुम्ही फौजेतून आलात कसे.

मी मोबाईल सुलटा केला. म्हणाले, “सकाळपासून तीनदा आलाय. रेंज होती.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “म्याडमनी कॉम्प्युटरवर बघूनच सांगितलं मला, नंबर गेलाय म्हनून.”

म्हणजे ऋता माझ्यासमोर बसली होती तेव्हा तिला माहीत होतं, आणि तिनं तोंडावर बोलून दाखवलं नाही. हे मला फार लागलं.

आम्ही दोघं रस्ता ओलांडून गेलो. मी पहिल्यांदा तिच्या दारात चपला काढल्या. ओटीपी चौथ्यांदा मागवला, मी आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. आधी तिनं नंबर बदलून हवालदारांचा स्वतःचा टाकून घेतला. रिटर्न त्या दिवशी अडकलं, पोर्टल फिरत बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. त्या सालचा रिफंड मार्चच्या आत खात्यात आला.

मागच्या वर्षांसाठी उशीर माफ करा म्हणून अर्ज करावा लागतो, तोही ठराविक वर्षांपुरता. त्यापलीकडचं गेलं ते गेलंच. अर्जाला जुनी रिटर्नं लागतात आणि ती सालवार लावून माझ्याकडं होती. महिनाभर मी फायली काढून तिच्या टेबलावर नेऊन दिल्या. तिनं अर्ज लिहिले. फार सरळ, स्वच्छ लिहिते पोरगी. एक शब्द जास्त नाही. मी वाचताना चूक शोधत होते, सापडली नाही. काही वर्षांचे पैसे आले, दोन वर्षांचं अजून लटकलंय. तिनं मला फी निम्मी देऊ केली. मी घेतली नाही. मग घरी येऊन वाटलं, घ्यायला पाहिजे होती.

त्यानंतर मी एकेका गिऱ्हाईकाला फोन करून त्याच्या त्याच्या खात्यावर त्याचा त्याचा नंबर टाकून दिला. विट्याच्या लोकांना जत्रेत गाठलं. नंबर हातात आल्यावर सहा जण महिनाभरात समोर गेले. पांढरा बूटही गेला.

हे लिहू का म्हणून हवालदारांना विचारलं. म्हणाले, “लिवा. आता काय? पर गावाचं नाव घालू नका.” नाही घातलं.

कागद का आणत नाहीत म्हणून मी वीस वर्षं गिऱ्हाईकांवर चिडत होते. आता नवीन माणूस आला की पहिली दहा मिनिटं मी तोंड मिटून बसते. गाव विचारत नाही, पाहुणे विचारत नाही. फार जड जातं, पण कागद लवकर बाहेर येतात.

हवालदार अजून येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, एसटीनं. चहा पितात, शेंगांची पिशवी ठेवतात, आणि रिटर्न भरायला समोर जातात. मी गॅलरीत जाते. जळतं अजून.